दर्यावरचा हर्रास

रेणा नदीच्या काठी वसलेल्या आणि रेणुकामातेच्या ठाण्यामुळे पंचक्रोशीत परिचित असलेल्या रेणापुराचा समुद्राशी काडीमात्र संबंध नाही, असे नकाशा पाहणारा कोणीही म्हणेल. तथापि लातूरच्या पश्चिमेस तेरणेच्या काठी जे तेर गाव आहे तेच इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात उल्लेखिलेले तगर होय, आणि तेथील कापड गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदरापर्यंत नेले जात असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मुलखाचा आणि जहाजांचा संबंध नवलाचा वाटणार नाही. आज तो संबंध निराळ्या वाटेने पुन्हा जुळला आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या शिस्तीत अभ्यास करून अभियंते झालेली इकडची मुले अमेरिकेत स्थिरावली, आईवडिलांना भेटीस बोलावू लागली, आणि हौसेने त्यांना मायामीसारख्या बंदरातून सुटणाऱ्या क्रूझवर सात-आठ दिवसांच्या सफरीला नेऊ लागली. ज्यांनी हयातभर मोंढ्यातला सौदा पाहिला ती माणसे आता भर समुद्रात, थंड हवेच्या दिवाणखान्यात, चित्रांचा हर्रास पाहत बसलेली असतात. ही प्रथा कोठून आली, तिच्या आधी समुद्रमार्गे कोणकोणते हर्रास आपल्या किनाऱ्यास लागले, आणि त्या प्रवासात तिचे काय काय गळून पडले, याचा विचार करण्यासारखा आहे.

आपल्या किनाऱ्यावरील हर्रासाचे सर्वांत जुने आणि सविस्तर वर्णन गोव्याचे आहे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर मांडवीच्या काठी जे शहर भरभराटीस आले, तेथे १५८३ साली यान हायघेन फान लिन्सखोटेन नावाचा एक तरुण डच मनुष्य आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून दाखल झाला. पाच वर्षे तो तेथे राहिला, जे दिसले ते टिपत गेला, आणि १५९६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात शहराच्या हमरस्त्यावर, रुआ दिरैता या नावाच्या सरळ मार्गावर, सणवार वगळता रोज सकाळी भरणाऱ्या हर्रासाचे वर्णन होते आणि सोबत एक मोठे कोरीव चित्रही होते. त्या चित्रात छत्रीखाली चालणारे फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव, आहेत, पालख्या आहेत, घोडे आहेत, पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या बायका आहेत. आणि या गर्दीतून सोन्याच्या साखळ्या, अंगठ्या, जडजवाहीर अंगावर लटकवून, हाती माल उंच धरून, मोठमोठ्याने भाव पुकारत फिरणारे पुकारे आहेत. सकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन उन्हे तापण्यापूर्वी, नऊच्या आत, हा सारा व्यवहार आटोपत असे. गालिचे, मसाले, रेशीम, अरबी घोडे अशा नाना जिनसांवर तेथे सवाल बोलले जात. त्या काळी गोव्याच्या बंदरात उतरलेले अरबी घोडे घाट चढून दख्खनच्या सुलतानांच्या पागांत जात असत. त्यामुळे औशाच्या किंवा उदगीरच्या किल्ल्यात खिंकाळणारा एखादा घोडा याच रस्त्यावर पुकारला गेला असण्याचा पुरेपूर संभव आहे.

त्याच रस्त्यावर माणसेही विकली जात. आफ्रिकेतून आणि पूर्वेकडील बेटांतून आणलेल्या दासदासींचा भाव घोड्यांच्या भावाशेजारी पुकारला जाई, आणि लिन्सखोटेन ते तितक्याच सहजतेने नमूद करतो. म्हणून रुआ दिरैताचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या हर्रासाच्या रचनेत एक गोष्ट अशी होती की जिची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे. गोव्यात मरण पावलेल्या माणसाची चीजवस्त, मग तो व्हाइसरॉय का असेना, तेथे आणून चव्हाट्यावर विकण्याचा शिरस्ता होता, आणि हजारो कोस दूर असलेल्या विधवेला किंवा अज्ञान मुलाला आपल्या हिश्श्याचा पैसा मिळावा यासाठी मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था हिशेब ठेवीत असे. मालक हजर नाही, तो बोलू शकत नाही, म्हणून भाव सर्वांच्या देखत ठरला पाहिजे. हर्रासाचा पुकारा ही त्या गैरहजर माणसाची साक्ष होती. रस्ता उघडा होता, माल हाताळता येत होता, आणि पुकारणारा मालाचा धनी नव्हता. या तीन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात, कारण पुढचा सारा इतिहास त्या एकेक करून कशा सुटत गेल्या याचा आहे.

युरोपातील बंदरांतही हर्रास आणि जहाज यांची सोबत जुनी आहे. सतराव्या शतकातील लंडनमध्ये जहाजे आणि जहाजांवरील माल मेणबत्तीच्या हर्रासाने विकीत: बोटभर मेणबत्ती पेटवावयाची, आणि ज्योत विझण्याच्या क्षणी ज्याचा सवाल शेवटचा, त्याच्या नावे माल तोडावयाचा. ब्रिटिश आरमाराच्या कचेरीतील अंमलदार सॅम्युएल पीप्स याने १६६२ च्या सप्टेंबरात अशी एक जहाजविक्री पाहिली. एक माणूस नेमक्या क्षणी सवाल टाकून बाजी मारतो, हे पाहून पीप्सने त्याला युक्ती विचारली, तेव्हा त्याने सांगितले की विझण्यापूर्वी वातीचा धूर खाली वळतो, तो पाहून मी बोलतो. ही चतुराई खरी, पण ज्योत सर्वांसमोर जळत होती, आणि धूर पाहण्याचा हक्क तेथे बसलेल्या प्रत्येकास होता.

हर्रासाच्या आवरणाखाली काय काय घडू शकते याचा धडा महाराष्ट्राला मात्र समुद्रापासून दूर, नागपुरात मिळाला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि त्यापाठोपाठ राजवाड्यातील जिंदगी बाहेर निघाली. राजघराण्यातील वृद्ध राणी बांकाबाईंचा विरोध कोणी जुमानला नाही. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन कवडीमोलाने फुंकले गेले. जवाहीर कलकत्त्याला रवाना होऊन १८५५ मध्ये तेथील हॅमिल्टन कंपनीच्या पेढीवर त्याचा लिलाव झाला. येथे बाह्य विधी सगळा यथासांग होता: पुकारा होता, बोली होती, हातोडा होता. परंतु ज्याचा माल तो विकावयास राजी नव्हता आणि विकणाऱ्याचा मालावर न्याय्य हक्क नव्हता. विधी पुरा आणि न्याय शून्य, असा हा हर्रास होता. लोकांच्या मनात राहिलेली जखम राज्य गेल्याइतकीच राजाचे हत्ती बाजारात उभे केल्याची होती, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनीही कबूल केले आहे.

आमच्या निजामशाही मुलखात हर्रास हा सरकारी महसुलाचाच एक भाग होता. शिंदी आणि दारूचा आबकारी गुत्ता सर्वाधिक सवाल करणाऱ्यास मिळे आणि मग गुत्तेदार गावोगाव आपला अंमल बसवी. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम लोकांनी हाती घेतला तो या उत्पन्नाच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. परंतु याच राजवटीने एक चांगली गोष्टही केली. त्यापूर्वी धान्याच्या पेठांत रुमालाखाली हात घालून, अडत्याने आणि खरीददाराने एकमेकांची बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत सर्रास होती. ज्याची तूर, ज्याची ज्वारी, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल हलताना पाही. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये कापसाच्या बाजाराचे नियमन सुरू झाले होते. हैदराबाद संस्थानाने १३३९ फसली साली, म्हणजे इसवी सन १९३० च्या सुमारास, आपला कृषिबाजाराचा कायदा केला. रुमाल दूर करून भाव उघड बोलावयाचा, वजनमाप तपासावयाचे, आणि भाव न पटल्यास माल परत नेण्याचा हक्क शेतकऱ्याला द्यावयाचा, हे या नव्या बाजारव्यवस्थेचे सार होते. सवाल उघड असला पाहिजे हे तत्त्व आमच्या आजोबांच्या पिढीने फार मोल देऊन मिळविलेले आहे.

आता जहाजाकडे वळू. प्रवासी जहाजांचा जुना धंदा विमानांनी बुडविल्यावर, १९७० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरून केवळ सहलीसाठी जाणाऱ्या जहाजांचा नवा व्यवसाय उभा राहिला, आणि १९९० च्या दशकात त्या जहाजांवर चित्रांचे लिलाव रूढ झाले. जहाज कंपनी दिवाणखाना उपलब्ध करून देते आणि विक्रीतील हिस्सा घेते. माल, पुकारणारा आणि कागदपत्रे मात्र जमिनीवरील कलादालनाची असतात. जहाज बंदरात नसते त्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, तिकट्यांवर चौकटी मांडल्या जातात. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव नोंदवून हाती क्रमांकाची पाटी दिली जाते. शँपेनचे पेले तबकात फिरतात आणि त्यांचे पैसे पडत नाहीत. पुकारणारा गोड बोलतो, चित्रकाराची कहाणी सांगतो, दुकानातील किंमत सांगतो, आणि तिच्या निम्म्याने सवाल सुरू करतो. पाटी एकदा वर गेली की हातोडा पडण्यास वेळ लागत नाही. मागाहून हिशेबात खरेदीदाराचे अधिमूल्य, चौकट आणि पाठवणी चढते.

त्या चौकटीत असते काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. पुष्कळदा ती झिक्ले या नावाची छपाई असते, म्हणजे मूळ चित्राची प्रतिमा संगणकाच्या साह्याने शाईने कॅनव्हासवर उमटविलेली. कधी तिच्यावर हाताने रंगाचे चार फटकारे मारलेले असतात. एकाच चित्राच्या शेकडो प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही. रेम्ब्रांटचा कोरीव ठसा म्हणून जे पुढे येते तेही सावधपणे पाहावयाचे असते, कारण तो १६६९ मध्ये वारला, पण त्याच्या काही तांब्याच्या पट्ट्या शिल्लक राहिल्या आणि त्यांवरून शतकांनंतरही ठसे काढले गेले. पट्टी त्याची असली तरी कागदावर दाब देणारा हात त्याचा नव्हे. शिवाय दिवाणखान्यात पाहिलेली प्रतच घरी येईल असे नाही; तीच प्रतिमा असलेली दुसरी प्रत वखारीतून पाठविण्याची रीत आहे. देवणी गोऱ्ह्याचे दात पाहिल्याशिवाय आणि चार पावले चालवून घेतल्याशिवाय हाळीच्या बाजारात कोणी विसार देत नाही. आणि येथे भिंतीला लावावयाची वस्तू एक पाहून दुसरी घ्यावयाची.

परंतु माझ्या मते याहूनही मूलगामी दोष दुसरा आहे. प्रतिष्ठित लिलावगृह हे अडत्या असते: माल तिसऱ्याचा, लिलावगृह मध्यस्थ, आणि त्या मालाच्या पूर्वीच्या मालकांची परंपरा आधीच छापून जाहीर केलेली. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले, तेव्हा ते १९५४ मध्ये दिल्लीत कोणी घेतले आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाकडे कसे गेले, हे सर्वांना माहीत होते. जहाजावर अडत्या आणि मालधनी एकच असतो. किंमत तो सांगतो, आणि चित्राचे मूल्य प्रमाणित करणारा कागदही पुष्कळदा तोच देतो. दुसऱ्या पेढीवर जाऊन भाव काढावा तर चहूंकडे पाणी. जहाजाची नोंदणी बहामा किंवा पनामा येथील, विक्री भर समुद्रात, खरेदीदार तिसऱ्याच देशाचा. मग दाद मागावी कोठे, हा प्रश्न उरतोच. २००८ च्या सुमारास अमेरिकेत अशा खरेदीदारांनी न्यायालयांत दावे लावले, वृत्तपत्रांत गवगवा झाला. तरीही प्रथा चालू आहे, कारण सुटीवर निघालेला मनुष्य मोकळ्या मनाचा असतो आणि आठवण विकत घेण्याची त्याला इच्छा असते. त्या इच्छेत लाजण्यासारखे काही नाही. म्हणूनच तिचा गैरफायदा घेणे मला अधिक निंद्य वाटते.

हर्रास ही संस्थाच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार आली; युरोपीय पाते, आणि त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘सेनासाहेबसुभा’ या पदवीसह त्यांचे नाव. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत सवाल केला, सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. ज्या घराण्याची जिंदगी पावणेदोनशे वर्षांपूर्वी हातोड्याखाली गेली, त्या घराण्याच्या मूळ पुरुषाची तलवार हातोड्यानेच परत दिली. ते शक्य झाले, कारण विक्रीची वर्दी आधी जगभर गेली होती, वस्तू एकमेव होती, आणि कोणासही सवाल करण्याची मुभा होती.

तेव्हा मुलांकडे परदेशी निघालेल्या आमच्या मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जहाजावरच्या दिवाणखान्यात अवश्य बसावे, चित्रे पाहावीत, चित्रकारांच्या कहाण्या ऐकाव्यात. परंतु पाटी वर करण्यापूर्वी हा माल कोणाचा, याच्या प्रती किती आणि घरी येणार ती हीच का, इतके मुलाला किंवा सुनेला इंग्रजीत विचारावयास लावावे आणि उत्तर कागदावर मागावे. उत्तर मिळाले नाही तर पाटी खाली ठेवावी. भाव न पटल्यास उठून जाण्याचा जो हक्क आपल्याला मोंढ्यात आहे, तो समुद्रावरही आहे.