अतिसार-ग्रहणीच्या प्रकरणांतील ‘कुष्ठ’ : एका शब्दाचा अर्थनिर्णय

जुन्या वैद्यकीय पोथ्यांची सूची करितांना ‘कुष्ठ’ शब्द दिसला कीं ‘महारोग’ असा अर्थ लिहून मोकळें होण्याची रीत आहे. अतिसार-ग्रहणीच्या प्रकरणांत तरी ती सोडावी, हें प्रस्तुत टिपणाचें प्रयोजन.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत (अध्याय १९) आमातिसार आरंभींच स्तंभक औषधांनीं रोखूं नये असा निषेध आहे. कोंडलेल्या दोषांपासून होणाऱ्या विकारांत ग्रहणी, अर्श, शोथ, पांडु, ज्वर यांच्याबरोबर कुष्ठही गणिलें आहे. त्याच स्थानाच्या सातव्या अध्यायांत सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें सांगितलीं असून दद्रु, पामा, विस्फोट, शतारु, विचर्चिका हीं क्षुद्रकुष्ठांत येतात. तेव्हां कुष्ठ हें त्वग्विकारांच्या वर्गाचें नांव होय; महारोग हा त्या वर्गाचा एक भाग.

आंतड्याचा दीर्घ दाह आणि त्वचा यांचा संबंध आजचें वैद्यकही मानतें. अशा रोग्याच्या नडगीवर लाल, दुखऱ्या गांठी (एरिथीमा नोडोसम) उठतात. त्या बहुधा आंतड्याच्या दाहाबरोबर वाढतात व ओसरतात. दुसरा विकार पायोडर्मा गँग्रिनोसम. ब्रन्स्टिंग, गोकरमन व ओलिअरी यांनीं १९३० मध्यें तो वर्णिला. जांभळट, पोखरलेल्या कांठाचा हा व्रण झपाट्यानें पसरतो, आंतडें शांत असतांही चालूं शकतो, आणि जंतुजन्य समजून कापल्यास चिघळतो. त्याची निर्णायक अशी एक परीक्षा नाहीं. इतर कारणें वगळूनच निदान करावें लागतें. शिवाय औषधांनींही पुरळ उठतें, आणि क्षय व महारोग यांतही वेदनायुक्त गांठी येतात.

रोगी समोर असतां वैद्याला जेथें इतकें तारतम्य ठेवावें लागतें, तेथें केवळ एका शब्दावरून शेंकडों वर्षांपूर्वींच्या रोग्याचा रोग ठरविणें धाडसाचें आहे. चरकाला हे दोन विकार ठाऊक होते असें म्हणणें जितकें निराधार, तितकेंच प्रत्येक कुष्ठी महारोगी ठरविणेंही. महारोगी म्हटलेला मनुष्य समाजांतून व पंक्तींतून उठविला जात असे. सूचिकाराच्या एका शब्दानें तो डाग एखाद्या घराण्याच्या इतिहासास लागतो.

सोनारी-परंडा भागांत किंवा अन्यत्र वैद्यकाचें बाड हातीं आल्यास संग्राहकांनीं मूळ शब्द तसाच ठेवावा. त्याच्या शेजारीं प्रकरण, व्रणाचें स्थान, वर्ण, स्राव, मलांतील रक्त आणि योजिलेलें औषध हीं उतरून घ्यावीं. अर्थनिर्णय त्यानंतर. इत्यलम्.

सोनारी, ता. परंडा