आचारी, आचार्य आणि मुक्त सॉफ्टवेअर



मागच्या महिन्यात घरातल्या एका लग्नात पंगत उठल्यावर आम्ही बायका सुपारी कातरत बसलो होतो. भाच्याचा मुलगा (इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे) समोर येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, बाबा सांगून राहिले होते की तू लिनक्सचं काम केलं आहे. तुला तर प्रोग्रामिंगमधलं काहीच येत नाही. मग तू तिथं काय करून राहिली होती?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात वरातीची गडबड सुरू झाली आणि उत्तर राहूनच गेले. ते आज सविस्तर लिहिते.

आधी थोडा इतिहास. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. कुणालाही वापरता येईल, उघडून पाहता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल असे सॉफ्टवेअर तयार करायचे, ही कल्पना. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि लोकांपुढे ठेवला. ही नावे सगळ्यांना माहीत असतात. पण 'ओपन सोर्स' हे नाव कुणी सुचवले? १९९८ साली, क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी. त्यांचा पेशा प्रोग्रामिंगचा नव्हता. 'फ्री' म्हटले की लोकांना 'फुकट' एवढेच ऐकू येते, ही अडचण त्यांना खटकली आणि त्यांनी शब्द बदलून दिला. म्हणजे या चळवळीचे आजचे नावच मुळी कोड न लिहिणाऱ्या व्यक्तीकडून आलेले आहे! मला हे कळले तेव्हा फार बरे वाटले होते.

आता आपल्याकडे येऊ. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला जागा मिळाली. पण अक्षरांना जागा मिळणे वेगळे आणि संगणकाने मराठीत बोलणे वेगळे. २००० च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी 'इंडलिनक्स' सुरू केले. भारतीय भाषांत लिनक्स आणायचे, हा त्यामागचा हेतू. कोड लिहिणारे मिळत होते, पण त्या हजारो छोट्या छोट्या वाक्यांना हिंदी, मराठी, गुजराती रूप कोण देणार? रतलामचे रवीशंकर श्रीवास्तव हे मध्य प्रदेश वीज मंडळातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले अभियंता आणि हिंदी लेखक. त्यांनी हिंदीसाठी आणि पुढे छत्तीसगढीसाठी वाक्यांचे ढीगच्या ढीग उपसले. मराठीतही पुण्या-मुंबईकडे आणि इतरत्र असेच काम चालले होते. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे टंक मुक्त परवान्याखाली दिले, म्हणजे फुकट वापरता येईल असे देवनागरी अक्षर लिनक्सला मिळाले. २००८ मध्ये 'फ्युएल' हा उपक्रम निघाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या पाचशेंहून अधिक शब्दांची यादी घ्यायची, भाषेचे जाणकार आणि वापरणारे यांनी एकत्र बसायचे आणि प्रत्येक शब्दासाठी एक पर्याय ठरवायचा. कारण एकाने 'जतन करा' लिहिले, दुसऱ्याने 'साठवा' आणि तिसऱ्याने 'सुरक्षित करा', तर वापरणाऱ्याला ती तीन वेगवेगळी कामे वाटतात.

माझा प्रवेश याच सुमाराचा, २०१० चा. मी नुकतीच निवृत्त झाले होते. भाच्याने घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून दिले. पडद्यावरचे मराठी वाचून माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. मी चुका मोजू लागले तर तो म्हणाला, "आत्या, मोजून काय करतेस? दुरुस्त कर ना. कुणीही करू शकते."

कुणीही! एका मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी करणाऱ्या गटाशी त्याने गाठ घालून दिली. (गटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे माझ्याच फजितीची गोष्ट आहे.) त्यांनी पाठवलेली फाईल उघडली आणि मला हसूच आले. वर एक इंग्रजी वाक्य, खाली अवतरणचिन्हांत रिकामी जागा. पुन्हा इंग्रजी वाक्य, पुन्हा रिकामी जागा. अहो, गाळलेल्या जागा भरा! आयुष्यभर दुसऱ्यांना घातलेला प्रश्न म्हातारपणी माझ्यापुढे आला होता.

सोपा मात्र नव्हता. 'ओपन'साठी 'उघडा' लिहिले, तर पोरे 'उघडा-नागडा' म्हणून हसतात. 'प्रिंट'साठी 'छापा' लिहिले, तर पोलिसांचा छापा की नाण्याचा छापा-काटा? बटणावर एकच शब्द असतो. आजूबाजूला वाक्य नाही, त्यामुळे अर्थ सांभाळून घेणारे कुणी नाही.

त्याहून मोठा घोळ व्याकरणाचा. इंग्रजी वाक्यात मध्येच टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर असते. तिथे संगणक आयत्या वेळी नाव भरतो. 'अमुक डिलीट झाले' या वाक्यात अमुकच्या जागी काहीही येऊ शकते. इंग्रजीचे त्यात काही बिघडत नाही. मराठीत फाईल हटवली, फोल्डर हटवला आणि चित्र हटवले! तीन लिंगे, आणि जागा एकच. हवामान दाखवणाऱ्या खिडकीत तर आणखी मजा. गावाचे नाव भरून पुढे 'मध्ये' लावायचे, की झाले 'वर्धा मध्ये'. मराठी माणूस वर्ध्यात राहतो, पुण्यात राहतो, नागपुरात राहतो. नाव विभक्तीआधी सामान्यरूप घेते, हे आम्ही पोरांकडून घोकून घेतले, पण ते यंत्राला कुणी शिकवले नव्हते. शेवटी वाक्यच मोडून 'ठिकाण: वर्धा' किंवा 'हटवलेली वस्तू: अमुक' असे करायचे ठरले. ही युक्ती ज्याला सुचते त्याला कोड यावा लागत नाही, मराठी यावी लागते.

आणि अक्षरांचे काय सांगू! 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत केवढा फरक आहे. एकीकडे प्रवचन, दुसरीकडे स्वयंपाक! हिंदीत हा आडवा अर्धा र लागत नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. युनिकोडमध्ये तो मिळवण्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा असतो. साधा र घेतला की रफार डोक्यावर चढतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. काही टंकांत ते जुळत नव्हते. मी फुलस्केप कागदावर दर्या-दऱ्या, सूर्याला-सुऱ्याला अशा जोड्या लिहिल्या, पुढे अर्थ लिहिले आणि भाच्याकडून पाठवल्या. असेच 'ॲ'चे. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्याआधी अ, मग न दिसणारे जोडचिन्ह, मग चंद्र, अशी कसरत होती. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेले की एका रूपात लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपात सापडायचा नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला ठरवून दिली, तेव्हा तिच्यात ॲ आणि ऑ यांना जागा दिली. असे एकेक अक्षर कुणीतरी 'हे आमच्या भाषेत लागते हो' असे सांगितल्यावाचून यंत्रात येत नाही.

तर आता फजिती.

नागपूरकर म्हणून मला शब्दकोशांचा थोडा अभिमान आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आपण शाळेतच शिकतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम १९१६ साली सुरू केले ते इथे, नागपुरात. लिमिटेड कंपनी काढून, भागधारक आणि वर्गणीदार मिळवत हिंडून, कितीतरी सहायकांच्या मदतीने त्यांनी २३ खंड उभे केले. काम पुढे पुण्याला गेले ती गोष्ट वेगळी. आणि लाहोरहून इथे आलेले डॉ. रघुवीर. स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपुरातच राहून त्यांनी इंग्रजी पारिभाषिक संज्ञांना संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय जोडून भारतीय प्रतिशब्द घडवले, अक्षरशः हजारोंनी. विद्वत्ता अफाट. त्यांतले काही शब्द रुजले, पुष्कळांची थट्टा झाली. एका अभ्यासिकेत घडलेला शब्द बाजारात चालतोच असे नाही.

हे सगळे माहीत असूनही मी तेच केले! मोकळी जागा दिसली की माझ्यातली संस्कृतची हौस जागी व्हायची. 'इनव्हॅलिड पासवर्ड' आले, मी लिहिले 'अवैध परवलीचा शब्द'. कोश पाहिला, बरोबर होता. पुढे गेले.

वर्षभराने उमरेडहून धाकट्या बहिणीचा रात्री साडेनऊला फोन. भाच्याने तिच्याही घरी तेच बसवून दिले होते. तिचे यजमान नुकतेच गेले होते. निवृत्तिवेतनाचे कागद, बँकेचे हिशेब, सगळे त्या संगणकात. आवाज कापत होता. "ताई, इथं 'अवैध' लिहून येऊन राहिलं. मी तर काहीच केलं नाही. काही गुन्हा तर नाही ना झाला माझ्या हातून? पोलीस वगैरे..."

तिने मराठी वर्तमानपत्रात 'अवैध' शब्द वाचला होता तो दारू, रेती आणि बांधकाम यांच्या बातम्यांत. दुसरीकडे कुठे वाचणार? तिचे एक अक्षर चुकले होते, बस्स. मी तिला शांत केले, पुन्हा टाइप करायला लावले, उघडले. फोन ठेवला आणि मग लक्षात आले की तो शब्द माझाच होता. रात्री एकट्या घरात बसलेल्या बाईला घाबरवणारा शब्द मीच लिहिला होता, वर शाबासकीही घेतली होती.

दुसऱ्या दिवशी गटाला पत्र लिहिले: 'अवैध'ऐवजी 'चुकीचा' करा. वाटले तितके सोपे गेले नाही. एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे होते की बाकी सगळीकडे 'अवैध' आहे, एकवाक्यता राहायला हवी. त्याचेही खोटे नव्हते, यादी करायची ती त्यासाठीच. मी बहिणीची हकीकत लिहिली. दोन-चार जणांनी आपापल्या आईवडिलांना विचारून पाहिले. उत्तरे आली आणि शब्द बदलला. पुढच्या आवृत्तीत तो गेला, आणि दिवाळीत भाच्याने बहिणीचा संगणक अद्ययावत केला तेव्हा तिच्या पडद्यावर 'चुकीचा' आले.

शाळेत असताना पाठ्यपुस्तकातली एक चूक मी वर्षानुवर्षे फळ्यावर दुरुस्त करून शिकवत होते, पुस्तकात ती तशीच राहिली. इथे मात्र माझी चूक मला सापडली, मी सांगितली, ती दुरुस्त झाली आणि उमरेडपर्यंत पोचली. स्टॉलमन यांनी सांगितलेले 'बदलण्याचे स्वातंत्र्य' म्हणजे काय, ते मला त्या दिवाळीत कळले. कोशकार शब्द देतो आणि खंड छापून होतो. इथे शब्द वापरणाऱ्याच्या हातात पडतो आणि नापसंत झाला तर परत येतो. परत आलेला शब्द घ्यायला मात्र दाराशी कुणीतरी उभे लागते. प्रोग्राम लिहिणारी मुले आपल्या कामात हुशार असतात, पण उमरेडची बाई कुठल्या शब्दाने घाबरते हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसे?

असो. म्हणून चिरंजीवा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे की मी तिथे पेपर तपासत होते. आधी दुसऱ्यांचे, मग स्वतःचा.

आता डोळे साथ देत नाहीत, लांब फाईली होत नाहीत. पण काम संपलेले नाही. मोझिलाने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' सुरू केले, त्यात मराठीही आहे. समोर एक वाक्य येते, ते मोठ्याने वाचून द्यायचे. दुसऱ्याने वाचलेले ऐकून बरोबर की चूक तेवढे सांगायचे. यंत्राला आपली बोली ऐकायला शिकवण्यासाठी हे आवाज कुणालाही वापरता येतात. पुण्यामुंबईचे आवाज मिळतील, पण आमच्या विदर्भातल्या साठी-सत्तरीच्या बायकांचे कोण देणार? मी बहिणीला सांगितले. आधी म्हणाली, "माझा आवाज काय ऐकायचा?" आता दुपारी चहानंतर चार-पाच वाक्ये वाचते. चष्मा लावून, गळा खाकरून, शाळेत धडा वाचायची तशी.

ता. क.: सुपारी कातरणाऱ्या सर्व मावश्या-काकूंनी हे वाचले असेल तर तुम्हालाही हेच सांगणे आहे. कोड येण्याची अट नाही.