अनपेक्षित उघडे पोर्ट, युनिक्स फायरवॉलवरील

नियमावलीत स्थान नसताना बाहेरून आलेली जोडणी स्वीकारणारे, किंवा तसे भासणारे, टीसीपी अथवा यूडीपी पोर्ट. ‘भासणारे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण अशा तक्रारींत पहिली शंका तपासणीच्या पद्धतीवरच घ्यावी लागते.

कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर ऐकत आहे हे लिनक्सवर ‘एसएस’, फ्रीबीएसडीवर ‘सॉकस्टॅट’ आणि ओपनबीएसडीवर ‘एफस्टॅट’ दाखवते. बाहेरून चाचपणीसाठी ‘एनमॅप’ (१९९७) रूढ आहे. ती दुसऱ्या जाळ्यातील यंत्रावरूनच करावी. लिनक्स फायरवॉलवर बसून त्याचाच बाह्य पत्ता तपासला, तर पॅकेट लूपबॅकमधून जातात. तेथे बहुधा सर्वांना मुभा असते आणि बाहेरून रोखलेले पोर्टही उघडे दिसतात.

बाहेरून पोर्ट उघडे, पण आत ऐकणारे कोणीच नाही, असेही घडते. मग ‘टीसीपीडंप’ लावून बाह्य इंटरफेसवर पाहावे. चाचणीचे पॅकेट तिथवर पोहोचतच नसेल, तर उत्तर वाटेतल्या कोणीतरी, उदाहरणार्थ सेवादात्याच्या प्रॉक्सीने, दिलेले असते. पोहोचत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम पाहावेत. डॉकर कंटेनरचे पोर्ट प्रसिद्ध करताना स्वतःचे नियम घालतो आणि ‘यूएफडब्ल्यू’ या लिनक्सवरील फायरवॉल साधनाच्या बंदीला वळसा बसतो; हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते. यूडीपीवर उत्तर न येणे म्हणजे पोर्ट बंद, असेही नाही. एनमॅप पोर्टपुढे छापतो ते सेवेचे नाव मुळात क्रमांकांच्या यादीतले असते, त्यावरून प्रोग्रॅम ओळखू नये. घुसखोरीचा संशय असल्यास त्या यंत्रावरील साधनांचे उत्तरही प्रमाण मानता येत नाही. रूटकिट, म्हणजे घुसखोराचे अस्तित्व लपवणारा प्रोग्रॅम, ती साधनेच बदलू शकतो.

बाहेरचे दार बंद असणे पुरेसे नसते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मेर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे संगणक ठप्प केले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हे मालवेअर विंडोज यंत्रांमध्ये, इतर मार्गांसह टीसीपी ४४५ वरून, जाळ्याच्या आतल्या आत पसरत होते. त्यामुळे आतल्या विभागांमधील फायरवॉलचीही हीच तपासणी करतात.

अनोळखी पोर्ट बंद करण्यापूर्वी प्रक्रिया, तिची फाइल, तिला सुरू करणारी प्रक्रिया आणि चालू जोडण्या नोंदवाव्यात. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.