विजेत्याचे पूर्वायुष्य आणि चित्रपट : ‘मंगोल’च्या निमित्ताने ‘उदयकाल’चा विचार

ऐतिहासिक चित्रपटाविषयी इतिहासाच्या अध्यापकांची तक्रार बहुधा ठरलेली असते. पोशाख चुकला, सनावळी चुकली, कल्पित पात्रे घुसडली. ही तक्रार खोटी नसते. परंतु चूक नेमकी कोणत्या जागी होते आणि त्याच जागी का होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडणारा आहे. थोर विजेत्यांच्या पूर्वायुष्यावरील चित्रपट या दृष्टीने विशेष तपासण्यासारखे आहेत. कारण साधनांचा दुष्काळ बहुधा याच काळात असतो.

सर्गेई बोद्रोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा ‘मंगोल’ (2007) हे त्याचे चांगले उदाहरण. तेमुजिनाच्या नवव्या वर्षी झालेल्या वाङ्‌निश्चयापासून जामुखावरील विजयापर्यंतचा, म्हणजे तो ‘चंगीझ खान’ होण्यापूर्वीचा काळ यात येतो. तेमुजिनाची भूमिका तादानोबु आसानो या जपानी अभिनेत्याने केली असून चित्रपटाला कझाकस्तानतर्फे ऑस्करचे नामांकन मिळाले होते. अथांग गवताळ माळ, कमी बोलणारी माणसे आणि पतीइतकीच खंबीर बोर्ते यांमुळे प्रेक्षक पडद्यावर खिळून राहतो. दोषही तितकेच ठळक आहेत. तेराव्या शतकातील ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात बंदिवान तेमुजिन मानेवरच्या लाकडी जोखडानेच पहारेकऱ्याला आडवा करून पळतो, आणि सोर्खान शिरा नावाचा एक साधा माणूस त्याला लोकरीच्या गाड्यात लपवतो. चित्रपटात तेंग्री या आकाशदेवाच्या कृपेने जोखड गळून पडते! दलान बालजुतच्या पराभवानंतरच्या काही वर्षांत तेमुजिन कोठे होता, याविषयी हा ग्रंथ मौन बाळगतो. चित्रपटाने तेथे तंगुतांच्या राज्यातील दीर्घ कारावास रचला. साधने जेथे गप्प आहेत, नेमकी तेथेच कल्पना मोकळी सुटली.

महाराष्ट्रात याच जातीचा प्रश्न 1930 साली उभा राहिला होता. कोल्हापुरात 1929 साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने शिवाजी महाराजांच्या उमेदीच्या काळावर मूकपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि शिवाजीची भूमिकाही त्यांचीच. सात वर्षांपूर्वी बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’मध्ये (1923) ते शेलारमामा झाले होते, तेथे शिवाजी स्वतः पेंटर होते. नव्या चित्रपटाचे मूळ नाव तोरणा किल्ल्यावर श्लेष साधणारे होते : ‘स्वराज्याचे तोरण’.

तोरण्याविषयी निश्चित असे आपल्या हाती फार थोडे आहे. किल्ला 1646 च्या सुमारास हाती आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे अर्धशतकानंतर लिहिली गेली. ग्रँट डफने (1826) दिलेली हकीकत तर वीररसाला मुळीच पोषक नाही. तीनुसार किल्ला घेतल्यावर तरुण शिवाजीने विजापूर दरबारी वकील पाठवून, ही व्यवस्था सुलतानाच्याच हिताची आहे व यातून वसूल वाढेल, असे पटवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे स्वतंत्र सत्तेचा पाया घातला जात असताना तोंडी भाषा चाकरीची होती. मला या प्रसंगातील सर्वांत रोचक भाग हाच वाटतो. अर्थात अर्ज-विनंत्या आणि वसुलाचे हिशेब मूकपटात दाखवायचे तरी कसे, ही दिग्दर्शकाची अडचणही समजून घेतली पाहिजे.

ही पोकळी भरण्यासाठी 1930 सालाजवळ स्वतःचे साहित्य तयार होते. डिसेंबर 1929 मध्ये लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, रावीकाठी झेंडा फडकला, एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचलले गेले आणि मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘स्वराज्य’ हा शब्द मुख्यतः प्रदेशवाचक आहे. ज्या मुलखावर आपला अंमल तो स्वराज्य, उरलेली मोगलाई. 1719 साली शाहू महाराजांना चौथ व सरदेशमुखीबरोबर स्वराज्याचीही सनद मिळाली, आणि ती दिल्लीच्या बादशहाकडून! टिळकांच्या पिढीने या शब्दाला दिलेला अर्थ सर्वस्वी वेगळा होता. मूळच्या शीर्षकात हे दोन्ही अर्थ एकाच ओळीत गुंफले गेले.

सेन्सॉरला ते तत्काळ समजले. 1918 च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्तांकडे असे. ‘भक्त विदुर’वर (1921) विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून काही ठिकाणी बंदी आली होती, तेव्हा ही नजर नवी नव्हती. ‘स्वराज्य’ हा शब्द शीर्षकातून काढावा लागला, चित्रपट ‘उदयकाल’ झाला. शेवटी गडावर झेंडा चढवण्याच्या दृश्यालाही कात्री लागली. इतिहासकाराने या चित्रपटात कालविपर्यास शोधला असता, तर त्याचेही बोट याच दोन जागांवर पडले असते. सतराव्या शतकाविषयीच्या साधन म्हणून ‘उदयकाल’चे मोल अल्प आहे. 1930 च्या महाराष्ट्राविषयीचे साधन म्हणून त्यातील हे दोष मोलाचे ठरतात.

तथापि एवढ्यावर चित्रपटाला मोकळे सोडणे मला मान्य नाही. पोकळी एकदा भरली की लोकस्मृतीत ती पोकळी राहत नाही, आणि जेथे पोकळी नव्हती तेथील खरा कागदही झाकला जातो. बाबूराव पेंटर यांचा ‘कल्याण खजिना’ (1924) कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या कथेवर उभा आहे. कल्याण 1657 साली स्वराज्यात आले हे खरे. सुनेच्या कथेला मात्र समकालीन आधार नाही. नवी मुंबईतील आमच्या वर्गांत कल्याणहून लोकलने येणारी मुले-मुली असतात. ही गोष्ट त्यांना तोंडपाठ असते. रांझे गावाचे नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेले असते. 28 जानेवारी 1646 च्या शिवाजी महाराजांच्या आज्ञापत्रानुसार रांझ्याचा मोकदम बाबाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले व पाटीलकी काढून घेण्यात आली. पुढे ती त्याच्याच गोतातील सोनजी गुजर याला देण्यात आली. कागदावर तारीख आहे, मुद्रा आहे. जेमतेम सोळा वर्षांचा राज्यकर्ता येथे भयंकर शिक्षा देतो, आणि त्याच हाताने वतनाची घडी विस्कटू देत नाही. सुनेची कथा मनाला सुखावते, रांझ्याचा कागद अस्वस्थ करतो. पूर्वायुष्याचा चित्रपट पहिलीच निवडतो, यात नवल नाही.

‘मंगोल’मध्ये जोखड देवाने काढले, सोर्खान शिराच्या गाड्यातली लोकर तेथे कामी आली नाही. आपल्याकडे तरवार भवानी देते आणि वतनदार देशमुखांची मनधरणी पडद्याबाहेर राहते. कान्होजी जेध्यांना 16 जून 1659 रोजी आदिलशहाने अफजलखानाला सामील होण्याविषयी फर्मान पाठवले होते. जेध्यांनी ते मानले नाही, महाराजांपुढे वतनावर पाणी सोडले. एका देशमुखाच्या घरात त्या दिवसांत काय खल झाला असेल, याची कल्पना करायला दिग्दर्शकाला पुष्कळ वाव आहे आणि हाताशी अस्सल फर्मानही आहे.