नाव हरवलेले सुटे भाग



आंतरजालावर जुन्या वस्तू विकायला ठेवलेल्या असतात, त्या चाळत बसायचा नाद मला लागला आहे. घ्यायचं काही नसतं, पण बघायला मजा येते. त्यातही मोटारींच्या जुन्या सुट्या भागांपाशी मी रेंगाळतो. पितळी झाकण, दोन नळ्या फुटलेलं ओतीव लोखंड, लाकडी खोक्यातलं काहीतरी विजेचं. खाली विकणारा लिहितो, ‘जुन्या मोटारीचा दुर्मीळ भाग, नक्की कुठला ते ठाऊक नाही.’ हा झाला प्रामाणिक माणूस. दुसरा तसाच तुकडा ठेवतो आणि पुढे ‘बहुधा बुगाटी’ असं लिहून टाकतो. त्या एका शब्दाने किंमत कुठल्या कुठे जाते.

मी फिटर नाही, मिस्त्री नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण असा तुकडा ओळखायची रीत आणि ताम्रपट वाचायची रीत फारशी वेगळी नाही, हे हळूहळू लक्षात आलं. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे तुकड्यावरचं नाव मोटारीचं असतंच असं नाही. सुरुवातीच्या काळात मोटार कंपन्या बऱ्याच वस्तू बाहेरून विकत घेऊन जोडणी करत. १९०३ साली फोर्ड कंपनी निघाली तेव्हा तिची इंजिनं डॉज बंधू करून देत होते. स्वतःची मोटार काढायची ठरल्यावर १९१४ साली त्यांनी हा व्यवहार थांबवला. म्हणजे डॉजच्या कारखान्यात घडलेला तुकडा फोर्डच्या पोटात सापडू शकतो. बॉशचंही तसंच. इंजिनात ठिणगी पाडणारा त्यांचा उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ साली आला आणि मग अनेक देशांतल्या, अनेक कंपन्यांच्या इंजिनांवर बसला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने तिथला बॉशचा धंदा शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेऊन १९१८ साली विकला, आणि ‘अमेरिकन बॉश’ ही निराळीच कंपनी उभी राहिली. तेव्हा नुसतं ‘बॉश’ वाचून मोटार तर कळत नाहीच, देशसुद्धा खात्रीने कळत नाही.

दुसरी गोष्ट पेटंटच्या खुणांची. यात मला सगळ्यात जास्त रस. अमेरिकेत सध्याची क्रममालिका १८३६ साली सुरू झाली. दहा लाख या क्रमांकाचं पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी दिलं गेलं, आणि गंमत म्हणजे ते गाडीच्या टायरचं होतं! ॲक्रन गावच्या फ्रान्सिस होल्टनचं. वीस लाख हा आकडा ३० एप्रिल १९३५ रोजी गाठला, तोही चाकाच्याच रचनेला. म्हणजे अमेरिकन तुकड्यावर सहा आकडी क्रमांक असेल तर पेटंट ऑगस्ट १९११ पर्यंतचं. सात आकडी असून सुरुवात १ ने होत असेल तर १९११ ते १९३५ मधलं. क्रमांकाऐवजी नुसती तारीखच ओतलेली असेल तर तीही एक खूण आहे, कारण क्रमांक देण्याची सक्ती १९२७ च्या कायद्याने आली. त्याआधी तारखेवर भागत असे.

पण इथेच पुष्कळ लोक घसरतात. ‘पेटंट १९०८’ म्हणजे वस्तू १९०८ ची असं नव्हे. वस्तू त्याआधीची नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. एकच साचा वर्षानुवर्षं वापरला जाई. आपल्याकडची शिवराई आठवा. नाणं छत्रपतींच्या नावाचं, पण पेशवाईतही ते पाडलं जात होतं. शिवराई मिळाली म्हणून ती महाराजांच्या काळातलीच, असं म्हणणाऱ्याला आपण थांबवतो ना? तसंच हे.

युरोपातल्या तुकड्यांवर वेगळी अक्षरं असतात. ‘डी.आर.जी.एम.’ दिसलं की काहींना तो कारखानदार वाटतो. तो कारखानदार नव्हे. लहानसहान उपयुक्त रचनांसाठी जर्मनीत १८९१ पासून जी नोंदणी सुरू झाली तिची ती खूण. फ्रेंच वस्तूंवर ‘एस.जी.डी.जी.’ असतं. त्याचा अर्थ ‘सरकारची हमी नाही’. १८४४ च्या फ्रेंच कायद्याने पेटंटसोबत हे लिहिणं भाग होतं. ज्या अक्षरांनी हमी नाकारली त्यांच्याच भरवशावर आज कोणी तुकड्याला घराणं चिकटवतो, याला काय म्हणावं!

तिसरी गोष्ट आट्यांची. नाव झिजतं, क्रमांक घासला जातो, पण नट-बोल्टचे आटे बोलतात. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचवले, अमेरिकेत सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचे, आणि फ्रान्स-जर्मनीकडे मेट्रिक मापं रुळली. त्यामुळे नुसते आटे मोजून तुकडा साधारण कुठल्या मुलखातला ते कळतं. मात्र एक सुरेख अपवाद आहे. काही इंग्रजी इंजिनांत आटे मेट्रिक, पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या पान्याचं! कारण असं, की हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. युद्धानंतर तिथे मॉरिसची इंजिनं होऊ लागली आणि १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच घेतला. गिऱ्हाइकाकडे पाने मात्र इंग्रजी. म्हणून डोकं इंग्रजी ठेवलं. असा जोडगोळीचा बोल्ट दिसला की जाणकार मॉरिस किंवा एम.जी. म्हणतो. एका बोल्टात एक महायुद्ध आणि दोन देश!

चौथी गोष्ट तुकड्यावर ठोकलेल्या आकड्यांची. सगळेच आकडे कॅटलॉगमधले नसतात. पूर्वी कानशीने घासून एक भाग दुसऱ्याला बसवत आणि जोडी चुकू नये म्हणून दोघांवर एकच आकडा ठोकत. कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसावा, ही गोष्ट मोटारीत तेव्हा गृहीत नव्हती. १९०८ साली इंग्लंडमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या, भाग एकमेकांत मिसळले, ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले घेतले आणि गाड्या पुन्हा जोडल्या. त्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ५०० मैल पळाल्या. कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला. ज्या गोष्टीसाठी करंडक द्यावा लागला ती तेव्हा किती अपूर्व असेल, याचा अंदाज करा.

एवढं सगळं करून बहुतेक वेळा उत्तर साधंच निघतं. ‘गूढ वस्तू’ म्हणून ठेवलेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा लोहचुंबक फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा असतो. प्रत्येक गाडीच्या फ्लायव्हीलवर असे १६ असत, आणि १९०८ ते १९२७ मध्ये या गाड्या दीड कोटींच्या आसपास झाल्या. मग दुर्मीळ कसला? कधी तर तुकडा मोटारीचाही नसतो, विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाचा असतो. विकणाऱ्याला हे उत्तर आवडत नाही.

पण माझ्या मते प्रश्न किमतीपुरता नाही. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली. कागद रुमालातून सुटला की त्याचं अर्धं बोलणं बंद होतं. कोणाच्या घरी, कोणत्या कागदाशेजारी होता हेच गेलं तर उरते नुसती शाई. मोटारीचंही तसंच. अखंड गाडीपेक्षा सुटे भाग जास्त पैसे देतात म्हणून गाडी खोलली जाते, भाग चार देशांत जातात आणि कोणता भाग कोणाशेजारी होता हे कायमचं पुसलं जातं. त्यावर खोटं नाव लागलं की उरलासुरला पुरावाही बिघडतो. खरी गाडी दुरुस्त करणारा कोणी तोच तुकडा शोधत असेल, तर बुगाटीच्या नावाखाली दडलेला तो त्याला कधीच सापडणार नाही.

म्हणून नातेवाईक मंडळींना एक सांगणं. कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचं असं काही पडलं असेल तर आधी घासूनपुसून चकचकीत करू नका. जुना रंग, तेलाचा थर, अर्धवट पुसलेला आकडा हाच त्याचा दाखला असतो. शेजारी पट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा. आणि एका चिठ्ठीवर तो कोणाचा, कुठे सापडला, घरात कोणती गाडी किंवा इंजिन होतं ते लिहून चिठ्ठी दोऱ्याने बांधा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहा. पुढे कोणी जाणकार भेटला, तर त्या दोन शब्दांपासून त्याला नीट सुरुवात करता येईल. खोट्या नावापासून नाही येणार.