उपशाचा खर्च : बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती पाणी, सरपण आणि विजेचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी दोन मुलखांची विभागणी आहे. ती अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे झाली. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा; खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच, तर मलकापूर अडीचशेच्या आसपास. घरातले पाणी आणि इंधन किती महाग पडणार, हे या जिल्ह्यात आधी जमिनीच्या या चढउताराने ठरवले. पाणीपट्टी आणि वीजबिल हे कागद फार उशिरा आले. त्यापूर्वीही पाण्याची किंमत होतीच, आणि तिचा मोठा हिस्सा पाणी खालून वर आणण्याचा होता. तो कधी बायकांच्या खांद्यांनी भरला, कधी बैलांनी, आणि अलीकडे विजेच्या मीटरने.

ज्या गावांना उपसावे न लागणारे पाणी मिळाले, त्यांचे नशीब वेगळे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. तळातले सरोवर खारट-अल्कधर्मी, पिण्याच्या कामाचे नाही. पण विवराच्या काठावर गोड्या पाण्याचा झरा आहे. त्याला लोक ‘धार’ म्हणतात. गोमुखातून पडणाऱ्या या पाण्याला दोर, पोहरा किंवा बैल लागत नाही. देवस्थान आणि वस्ती यांना तिथे आधार मिळाला, त्यात या झऱ्याचा वाटा मोठा आहे.

झरा नसेल तिथे माणसाने पाण्यापर्यंत खाली उतरायचे, हा बारवेचा विचार. लोणारची लिंबी बारव आणि सिंदखेड राजाची शिल्पांनी सजलेली पुतळा बारव ही त्याची ठळक उदाहरणे. पायऱ्यांनी पाण्याच्या पातळीपर्यंत जाता येते, म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेले तरी लांब दोराची गरज पडत नाही. भरलेली घागर घेऊन चढायचे कष्ट मात्र उरतातच. सिंदखेड राजाला जाधव घराण्याच्या काळातील मोती तलाव आणि चांदणी तलावही आहेत. दगडी बांधाचा तलाव केवळ पाणी साठवत नाही. तो झिरपतो आणि खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी वर ठेवतो. विहीर दहा हात उथळ राहिली तर दर घागरीमागे दहा हातांचा दोर वाचतो, वर्षभर, प्रत्येक घरात. जुन्या तलावांच्या या उपयोगाचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही, म्हणून येथे मांडणे अगत्याचे आहे.

बहुतेक गावांत मात्र आड आणि विहीर हेच साधन होते. शेतातल्या विहिरीवर मोट चाले. बैल उतरत्या धावेवरून खाली जात, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजनही मोट वर ओढायच्या कामी येई. मोट जिथे रिकामी होई त्या थारोळ्यावर बायका हंडे भरून घेत आणि धुणेही उरकत. घरापुरत्या आडावर रहाट असे, नाहीतर नुसता दोर. पाणी आणणे हे जवळजवळ सर्वस्वी बायकांचे आणि मुलींचे काम होते, आणि त्या वेळेची कुठल्याही खतावणीत नोंद झाली नाही. सगळ्यांना तोच आड खुलाही नव्हता. दलित वस्तीला गावच्या पाणवठ्यावर बंदी असे. तिथल्या बायकांना दूरच्या विहिरीवर किंवा नदीतल्या झिऱ्यावर जावे लागे, नाहीतर कुणी वरून ओतेल त्याची वाट पाहावी लागे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला तो याच अन्यायाविरुद्ध. जातीने लादलेली ही पाणीपट्टी सर्वांत जड होती.

घाटाखाली आणखी एक अडचण होती. पूर्णेच्या दोन्ही काठांवर, बुलढाण्यापासून अकोला आणि अमरावतीपर्यंत, खारपाणपट्टा पसरला आहे. येथे विहीर खोल नेली तर पाणी अधिक खारे लागते, म्हणजे उपशाचे श्रमही वाया जातात. गोड पाणी दूरवरून आणायचे, पावसाचे साठवायचे किंवा नदीच्या वाळूत झिरा खणायचा, एवढेच मार्ग. पिण्याचे आणि वापरायचे पाणी वेगळे ठेवण्याची शिस्त या पट्ट्यात घरोघर दिसते. तिच्यामागे काटकसरीपेक्षा नाइलाज अधिक आहे. खाऱ्या, जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्यामुळे सरपणही जास्त जळते. पाण्याचा प्रश्न असा थेट चुलीपाशी येऊन पोहोचतो.

चुलीसाठी जिल्ह्याला शेतीने इंधन पुरवले. कापूस निघाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या हे वऱ्हाडातले मुख्य सरपण. पऱ्हाटी झटकन पेटते आणि झटकन संपते; गोवरी धुमसत राहते. स्वयंपाक पऱ्हाट्या-तुराट्यांवर करायचा आणि दूध तापत ठेवायला गोवरी लावायची, अशी वाटणी त्यातून झाली. चुलीला जोडलेली वैल ही काटकसरीची उत्तम रचना होती : मुख्य चुलीची उरलेली आच तिच्यात जाई आणि त्यावर आमटी किंवा आंघोळीचे पाणी तापे. उन्हाळ्यात पाण्याचे घंगाळ अंगणात उन्हात ठेवले की तेवढे सरपण वाचे. भांडी राखेने घासायची, न्हाणीचे पाणी परसातल्या अळू-केळीला सोडायचे, हेही त्याच घडीतले. या पद्धतीचे गोडवे गाताना धूर विसरता येत नाही. ही बचत बायकांच्या डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या जिवावर होत होती.

इंग्रजी अमलात कापसाने खामगावचे रूप पालटले. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. बाजारपेठ आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले तसे विहिरींचे पाणी अपुरे पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहराबाहेर तलाव बांधून पाणी आणण्यात आले. जनुना तलाव आजही तिथे आहे. पाणी पुरवणे ही घराची नव्हे, नगरपालिकेची जबाबदारी ठरण्याची सुरुवात जिल्ह्यात येथून झाली.

खेड्यांत हा बदल यायला १९७२ च्या दुष्काळाची वाट पाहावी लागली. विहिरी आटल्या आणि खडकात विंधन विहिरी घेणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. पण एवढ्या खोलीवरून पाणी काढणारे, रोज शेकडो हातांचा मार सोसणारे हातपंप तेव्हा फारसे नव्हते. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप काही आठवड्यांत मोडत. उत्तर शेजारच्या जालन्यात सापडले. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळेत एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पोलादी पंप तयार झाला. ‘जालना पंपा’वरून सोलापूर पंप आणि त्यावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ आला. पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला. या पंपाला इंधन लागत नाही, बिल येत नाही. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरच्या कारागिरीने जगाला दिलेली ही देणगी आहे, आणि तिची ओळख आपल्या शाळांतल्या मुलांना असायला हवी.

१९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. शेजारी पारसचे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तारा खेड्यांपर्यंत आल्या. घरात चिमणी-कंदिलाच्या जागी दिवा आला; त्याहून मोठा बदल विहिरीवर झाला. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली. शेतीपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक दर लागू झाल्यावर जास्त उपसा करणाऱ्याला जास्त पैसे मोजावे लागेनात. भूजल खाली गेले आणि गावाच्या पिण्याच्या विहिरी त्यासोबत कोरड्या पडू लागल्या. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घालणारा कायदा राज्याने १९९३ मध्ये केला, पण विहिरी खोदण्याचा वेग त्याने फारसा मंदावला नाही.

नळ योजनेचे अर्थकारण याच खोलीत अडकले आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला कमीत कमी पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपातली आणि नळांतली घट धरली तर सुमारे अर्धा युनिट. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने पाच जणांच्या घराला वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते, म्हणजे शंभर मीटरच्या चढाला साधारण ५० युनिट. पाणी पन्नास मीटरवर असेल तर हा आकडा निम्मा होतो. गळक्या नळांतून चौथा हिस्सा वाया जात असेल तर तो तिसऱ्या हिश्शाने वाढतो. पाणीपट्टी थकते, मग पंपाचे वीजबिल थकते, मग जोडणी तुटते आणि टँकर येतो. टँकरच्या डिझेलचा खर्च विजेच्या कित्येक पट. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यासाठी वान धरणावरून १४० गावांची योजना आखली गेली. तिथे गोड पाणी आणायला दुसरा मार्गच नव्हता.

घरातल्या बिलात मात्र बचत करणे अलीकडे सोपे झाले आहे. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जळतात. तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्या आत देतो. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा पंखा बारा तास चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि शंभर युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग आहे. म्हणून शंभराच्या काठावरच्या घराला या १६ युनिटांचे मोल जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या ३ किलोवॅट संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. विदर्भातले ऊन पाहता घाटाखालच्या पक्क्या छतांनी याचा लाभ घेतलाच पाहिजे. लहान वाड्यांसाठी एकाच विंधन विहिरीवर हातपंप आणि सौरपंप दोन्ही बसवणारी दुहेरी पंप योजनाही राज्यात राबवली गेली आहे. ढगाळ दिवशी दांडा चालवून पाणी मिळते.

सर्वांत मोठी बचत तरीही जमिनीत आहे. २०१७ च्या सुमारास महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले आणि नदीपात्रे खोल करून घेण्याची पद्धत जिल्ह्यात सुरू झाली; रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला फुकट साठवण. ती देशभर ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जिल्हाभर यंत्रे लावून गाळ उपसला, आणि त्याच वर्षी मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसरे बक्षीस विभागून मिळवले. विहिरीचे पाणी जितके वर येते तितके पंपाचे बिल खाली येते. गाळ मात्र दर पावसाळ्यात पुन्हा साठतो. त्यामुळे ग्रामपंचायतींनी गाळ काढण्याचा खर्च दर वर्षीच्या अंदाजपत्रकात, पंपाच्या वीजबिलाच्या शेजारीच मांडला पाहिजे.