वेल्डची वही: पुण्याच्या कारखान्यांतल्या नोंदी आणि सॉफ्टवेअरची निवड

आजचा विषय जरा कोरडा वाटेल. कारखान्याच्या इतिहासात आपण यंत्रं पाहतो, कारखानदार पाहतो, संप पाहतो. आज आम्ही नोंदींबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही वेल्डिंगच्या आणि तपासणीच्या नोंदींबद्दल. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात ज्यांचं फॅब्रिकेशनचं काम आहे त्यांच्यापुढे सध्या हमखास एक प्रश्न असतो, की या नोंदींसाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? विक्रेते येतात, पडद्यावर रंगीत तक्ते दाखवतात, आणि सगळेच तक्ते सारखेच छान दिसतात. आमचं म्हणणं असं आहे की हा प्रश्न संगणकाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. ही वही मुळात का सुरू झाली, ती कोण लिहीत होतं आणि कुठे खोटी पडत गेली, हे पाहिलं की निवड बरीच सोपी होते.

सुरुवात स्फोटापासून करावी लागते. १८६३ मध्ये कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट झाला, माणसं मेली. त्यातून १८६४ चा बंगालचा कायदा आला आणि वाफेच्या बॉयलरची सरकारी तपासणी आपल्या देशात सुरू झाली. पुढे प्रत्येक प्रांताने आपापला कायदा केला. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नापास, असाही घोळ झाला. म्हणून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. कारखान्यांत ज्याला सगळे नुसतं ‘आयबीआर’ म्हणतात ती नियमावली १९५० ची. अमेरिकेतही गोष्ट तशीच. २० मार्च १९०५ ला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली, आणि त्यानंतरच्या हालचालींतून १९१४ ची एएसएमईची बॉयलर संहिता तयार झाली. आज पुण्यातला कुठलाही क्वालिटीचा माणूस उठताबसता जिचं नाव घेतो ती हीच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे बॉयलर रिव्हेटचे होते. रिव्हेट तपासायचा तर इन्स्पेक्टर हातोडी घेऊन जायचा. एका बाजूला बोट टेकवायचं, दुसऱ्या बाजूने ठोकायचं. ढिला रिव्हेट हाताला आणि कानाला कळतो. दहा वर्षांनी गेलं तरी कळतो. वेल्डचं तसं नाही. रूटचा पहिला थर दुसऱ्या थराखाली गाडला जातो, दुसरा तिसऱ्याखाली, आणि वरून कॅपिंग झालं की सगळं गुळगुळीत. एक्स-रे काढला तर आतली पोकळी दिसेल, स्लॅग दिसेल. पण रॉड भट्टीत नीट भाजला होता का, प्लेट आधी तापवली होती का, हे फिल्मवर दिसत नाही. दमट रॉडमधून हायड्रोजन धातूत शिरतो आणि वेल्ड थंड झाल्यावर तासांनी, कधी दिवसांनी तडा जातो. म्हणजे जे नंतर पाहता येत नाही ते त्याच वेळी लिहून ठेवावं लागतं. वेल्डची वही सुरू झाली ती यासाठी. १९८७ मध्ये आयएसओ ९००१ आलं तेव्हा अशा कामांना ‘विशेष प्रक्रिया’ म्हणून वेगळं काढलं गेलं. आपल्या वेल्डरला ही गोष्ट त्याआधीच ठाऊक होती.

लिहायचं काय, हे जगाने मोठी किंमत देऊन शिकलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगच्या जोरावर २,७०० हून अधिक लिबर्टी जहाजं बांधली. त्याच काळातलं एक तेलवाहू जहाज, ‘स्केनेक्टडी’, १६ जानेवारी १९४३ ला पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात, उभ्या उभ्या मधून मोडलं. पहिलं बोट वेल्डरकडेच गेलं. काही ठिकाणी वेल्डिंग खरोखर गचाळ होतंही. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या कामातून पुढे स्पष्ट झालं की मोठा दोष पोलादाचा होता; थंडीत ते काचेसारखं ठिसूळ होत होतं. प्लेटचा हीट नंबर आणि वेल्डरचा नंबर एकाच ओळीत का लिहायचा याचं उत्तर या प्रकरणात आहे. तसं नसेल तर सगळा दोष ज्याच्या हातात टॉर्च असतो त्याच्यावर येतो.

दुसरं उदाहरण १९८० चं. २७ मार्चला उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किएलँड’ हा तरंगता तळ उलटला, १२३ लोक बुडाले. तडा सुरू झाला होता एका छोट्या, सहा मिलिमीटरच्या फिलेट वेल्डपासून. एक उपकरण धरून ठेवणारा तो आधार; त्याच्यावर भार नाही म्हणून त्याला कोणी महत्त्व दिलं नव्हतं. तपासणीत तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे रंगकाम व्हायच्या आधीच तडा तिथे होता! आमच्याकडे कोणी सॉफ्टवेअर दाखवायला आलं की आम्ही या वेल्डची आठवण काढतो आणि विचारतो, तुमच्या यादीत ड्रॉइंगवरचे मोठे जॉइंटच येतात, की ब्रॅकेट, लग, तात्पुरते लावून काढलेले क्लीटसुद्धा?

आता पुण्याकडे येऊ. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसी, मग टेल्को. बॉयलरच्या धंद्यात १९६६ मध्ये वॅन्सन इंडिया नावाने सुरू झालेली आणि पुढे चिंचवडला वाढलेली थरमॅक्स. १९८३ मध्ये प्राज, आसवन्या उभारणारी. आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, जिथे साखर कारखान्याच्या शेजारी पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग बनू लागली. उसाच्या रसाची भांडी आणि रॉकेट एकाच गावात; दोन्हींचा धागा वेल्डिंग.

या सगळ्या कारखान्यांभोवती शेकडो छोट्या शॉप उभ्या राहिल्या आणि प्रत्येक शॉपमध्ये एक कपाट आलं. त्या कपाटात कडक पुठ्ठ्याची रजिस्टरं असायची: हीट नंबरचं, रॉड भाजण्याचं, फिट-अपचं, वेल्डरच्या परीक्षांचं. जॉबवर जॉइंटच्या बाजूला वेल्डर आपला नंबर पंच करायचा. वहीत तोच नंबर. रेडिओग्राफी रात्री चालायची, कारण इरिडियमचा स्रोत बाहेर काढला की शेड रिकामी करावी लागते. फिल्मवर शिशाची अक्षरं ठेवून जॉइंट नंबर आणि वेल्डर नंबर उमटवायचे. पोलाद, वही आणि फिल्म, तिन्ही ठिकाणी एकच नंबर. ही पद्धत साधी होती, पण चोख होती. वहीचा नियमही सुंदर होता: चूक झाली तर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. खोडरबर नाही, व्हाइटनर तर नाहीच. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे.

मग वही खोटी कुठे पडली? माल रवाना व्हायच्या आदल्या आठवड्यात. एका कारखान्याची (नाव घेत नाही) कागदपत्रं आम्ही पाहिली आहेत. चार महिन्यांचे फिट-अप रिपोर्ट एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, कागदाला एकही डाग नाही. ज्या शेडमध्ये ग्राइंडरची धूळ चहाच्या कपात पडते तिथला कागद चार महिने कोरा कसा राहील? काम एकाने केलं, महिन्यांनी दुसऱ्याने लिहिलं. कदाचित वेल्ड उत्तम असतील, पण कागद त्यांच्याबद्दल काहीच सांगत नव्हता.

संगणक आला तेव्हा वाटलं, हे सुटेल. आधी डीबेस आणि फॉक्सप्रो, मग एक्सेल. एक्सेलने उपकार केले, नाकारून चालणार नाही. पण त्यात आडवी रेघ नाही. आकडा बदलला की जुना गेला, कोणी बदलला ते कळत नाही. शिवाय त्याचा एक खोडसाळपणा आहे. जॉइंट नंबर ‘५-३’ टाइप केला की तो त्याची तारीख करून टाकतो. जॉइंट गेला आणि मार्च नाहीतर मे महिना आला! आणि शेवटच्या आठवड्याचं काम तर आणखी सोपं झालं. एक रिपोर्ट भरायचा आणि खाली ओढत न्यायचा.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो, की नोंद कोण करणार आणि कुठे उभं राहून? क्वालिटीच्या केबिनमध्ये बसलेला मुलगा संध्याकाळी कागदावरून पडद्यावर उतरवणार असेल, तर लाखो रुपये खर्चून आपण तीच वही विकत घेतली. नोंद जॉइंटपाशी झाली पाहिजे, मोबाईलवर, हातमोजा काढून दोन-तीन वेळा बोट लावून. मोठ्या भांड्याच्या आत नेटवर्क नसतं. तिथे चालेल का, हे विक्रेत्याला आपल्या शेडमध्ये, भांड्याच्या आत उतरवून करून दाखवायला सांगा. नोंद बदलली तर जुनी दिसते का ते पाहा. घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ वेगवेगळी राहते का ते पाहा. मग एक हीट नंबर द्या आणि म्हणा, ही प्लेट सदोष निघाली आहे, कुठल्या कुठल्या जॉबमध्ये गेली ते दाखवा. त्या एका परीक्षेत बरेचसे गळतात.

भाषेचा मुद्दा इथे येतो आणि आम्हाला तो लागतो. १९८८ मध्ये सी-डॅक पुण्यात आलं. संगणकावर देवनागरी बसवणारं जिस्टचं काम याच शहरात वाढलं. आणि याच शहराच्या शेडमधली नोंद मात्र आजही बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. वेल्डर इंदापूरचा असो की गोरखपूरचा, वाचतो देवनागरीच. ग्राहकाला रिपोर्ट इंग्रजीत हवा, तो द्या ना; पण ज्याने भरायचं त्याच्या पडद्यावर ‘रॉड भट्टीतून कधी काढला?’ असं लिहिलेलं असायला काय हरकत आहे? ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्याच्यासाठी दुसराच कोणीतरी उत्तर भरतो, आणि गाडी परत केबिनमध्ये जाते.

या नोंदीवर वेल्डरची भाकरीही अवलंबून असते. एएसएमईच्या नियमानुसार त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर वेल्डरची पात्रता संपते. केलं असेल, पण त्याची नोंद नसेल, तर? तरी व्यवहारात संपलीच. ती नोंद असते कंपनीच्या कपाटात. ठेकेदारीचा वेल्डर हंगाम संपल्यावर साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या बदलतो, मग चाकणला येतो, मग एखाद्या साइटवर. प्रत्येक नव्या ठिकाणी परत टेस्ट पीस, परत वाकवून पाहणं, आणि निकाल येईपर्यंत बिनकामाचे दिवस. नोकरीच्या जाहिरातीत ‘आयबीआर वेल्डर पाहिजे’ असं का लिहितात? कारण बॉयलर निरीक्षकासमोर परीक्षा दिलेल्याचं प्रमाणपत्र त्या माणसाच्या स्वतःच्या पिशवीत असतं. सॉफ्टवेअर घेताना मालक मुदतीची सूचना येते का ते विचारतात, ते योग्यच आहे. आम्ही आणखी एक विचारायला सांगतो: वेल्डर सोडून चालला तर त्याने केलेल्या कामाचा आणि त्याच्या फिल्मच्या निकालांचा उतारा त्याला देता येईल का? नवी कंपनी तो मान्य करेल की नाही हा तिचा प्रश्न. उतारा त्याच्याजवळ असावा.

राहता राहिलं टिकाऊपण. बॉयलर तीस-चाळीस वर्षं चालतो. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तेवढी चालेल का, हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही. फॉक्सप्रोच्या फाइली आज उघडताना काय होतं ते काही मंडळींना माहीत आहे. त्यामुळे करारातच लिहून घ्या, की सगळी माहिती, फोटोंसकट, साध्या तक्त्यांच्या रूपात केव्हाही बाहेर काढता येईल, आणि पैसे देण्याआधी एकदा काढून बघा. मासिक वर्गणी थांबली तर जुन्या नोंदी वाचता येतील का, हेही तेव्हाच विचारा. कायदाही बदलत असतो; २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाबरोबर मान्यताप्राप्त सक्षम व्यक्ती आल्या, आणि २०२५ मध्ये १९२३ च्या जागी नवा बॉयलर कायदा आला. फॉर्मचे नमुने बदलले की प्रत्येक वेळी विक्रेत्याला फोन करावा लागणार असेल तर ते महागात पडतं.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, जुनी रजिस्टरं आणि फिल्म यांचं काय करायचं? रजिस्टरं स्कॅन करा, पण सगळी टाइप करत बसू नका. पानांचे फोटो आणि त्यावर जॉब नंबर एवढं पुरतं. नाहीतर टाइप करणारा कंटाळून चुका करेल आणि त्या चुका नव्या, स्वच्छ अक्षरात बसतील. फिल्म नीट धुतली नसेल तर रसायन राहून ती पिवळी पडते, त्यामुळे चालू बॉयलरच्या आणि दुरुस्ती झालेल्या जॉइंटच्या फिल्म आधी काढा. आणि स्कॅन झाल्यावर मूळ वह्या रद्दीत घालू नका. त्यांतल्या आडव्या रेघा आणि बाजूच्या सह्या पुन्हा एकदा नीट पाहायच्या आहेत. कोणाकडे तशा वह्या असतील तर व्याख्यानानंतर आम्हाला जरूर भेटा.